एकच पुंगळी आणि शिशाच्या गोळ्या: माझं दीड वर्ष

हे लिहायला घेतलं, कारण एका वेळी एकच गोळी भरायच्या जुन्या पद्धतीच्या रायफलीने नेमबाजी सुरू करताना मराठीत त्यावर एक ओळही सापडली नव्हती. इंग्रजीत भरपूर आहे, पण ते बहुतेक चाळीस वर्षं हेच करत आलेल्यांनी एकमेकांसाठी लिहिलेलं. माझ्यासारख्या, आयुष्यात फक्त एनसीसीत पाच गोळ्या झाडलेल्या माणसाला ते वाचून काहीच उलगडत नाही. इथे अमेरिकेत आणखी कुणी मराठी माणूस या वाटेला लागला, तर कुठे अडखळायला होतं ते त्याला आधी कळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मी मूळचा हुपरीचा. कोल्हापूर जिल्ह्यातली, चांदीच्या पैंजणांची हुपरी. आण्णांनी उभं आयुष्य चांदी आटवण्यात घालवलं. मी शिकलो, पुण्यात नोकरी केली, मग शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात येऊन पडलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी तारीख २०१२ ची होती. कार्ड हातात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. तोवर बंदुकीचा विचारही केला नव्हता. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना केंद्राचा कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहायची माझी छाती नव्हती. तुम्ही व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा.

मे २०२३ मध्ये ऑफिसातले एक निवृत्तीला आलेले सहकारी मला गाडीत घालून इंडियाना राज्यातल्या एटना ग्रीन नावाच्या छोट्या गावी घेऊन गेले. "तुला जुनी यंत्रं आवडतात ना, चल," एवढंच म्हणाले होते. अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन या १९४८ साली सुरू झालेल्या संस्थेचं नेमबाजीचं मैदान तिथे आहे. शेतांच्या मधोमध लाकडी शेड, ओळीने टेबलं, आणि त्यांवर अशा रायफली की ज्या मी फक्त जुन्या चित्रांत पाहिल्या होत्या. एका वेळी एकच गोळी, मॅगझिन नाही. चापाशी लिव्हर, ती खाली ओढली की पोलादाचा ठोकळा खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं.

मी पाहत राहिलो तो एका आजोबांना. वय ऐंशीच्या पुढे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायला लागलो, तसंच इथेही म्हणतो. त्यांनी टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यातून एक नुसती गोळी उचलली, काडतूस नव्हे, आणि एका लिव्हरच्या अवजाराने ती मागून नळीत दाबली. गोळी आट्यांमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये, जाऊन बसली. मग एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, घेतली. तीत नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बुडाची टोपी, मोजलेली बंदुकीची दारू, वर फुलवाले वापरतात त्या हिरव्या फोमची पातळ चकती. ती पुंगळी गोळीच्या मागे सरकवली, लिव्हर बंद, नेम, बार. लिव्हर उघडली, तीच पुंगळी बाहेर आली. जुना प्रायमर काढला, नवा बसवला, पुन्हा तीच पुंगळी भरली. दहा गोळ्या, आणि पुंगळी एकच. त्या पुंगळीला एका बाजूला कानशीचा बारीक ओरखडा होता आणि तो दर वेळी वरच्या बाजूला येईल अशीच ते ती आत सरकवत होते.

नेहमीच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली असते. बार झाला की तिथून सुटून ती आट्यांत शिरते, आणि त्या क्षणी केसाएवढी जरी वाकडी असली तरी पुढे शे-दोनशे यार्ड वाकडीच जाते. इथे गोळी आधीच आट्यांत सरळ बसलेली असते, पुंगळीच्या तोंडापासून साधारण दीड मिलीमीटर पुढे. शिसं मऊ असल्यामुळे हे हाताच्या जोरावर जमतं. तांब्याचा मुलामा असलेली गोळी अशी दाबून बसायची नाही.

हा खेळ इथे आणला जर्मन स्थलांतरितांनी. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या शुट्सन, म्हणजे नेमबाजांच्या, मंडळांची मैदानं अमेरिकेच्या शहराशहरांत होती. नेमबाजी, बँड, बिअर, बायकामुलं, असा सगळा जत्रेचा थाट. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या आणि मंडळं बसत गेली. त्या काळातलं सगळ्यांत मोठं नाव हॅरी पोप. १८६१ चा जन्म, १९५० मध्ये गेला. न्यू जर्सीतल्या एका खच्चून भरलेल्या वर्कशॉपात तो नळ्या घडवायचा. त्याची पद्धत थोडी निराळी: गोळी पुढून, नळीच्या तोंडाला बसणारं एक जादा तोंड लावून आत ढकलायची आणि दारूची पुंगळी मागून घालायची. त्याच्या नळीतून कोलोरॅडोतल्या रोलंड नावाच्या माणसाने १९०१ साली दोनशे यार्डांवर झाडलेल्या दहा गोळ्या पाऊण इंचाच्या आत पडल्या होत्या. ही गोष्ट त्या शेडमध्ये मला एका दिवसात तीन जणांनी सांगितली.

परतीच्या अडीच तासांत मी फारसा बोललो नाही. घरी आल्यावर आण्णांना फोन केला. आजोबांच्या डब्यातल्या गोळ्या स्वतः ओतलेल्या होत्या हे सांगितलं, तसे आण्णा एकदम जागे झाले. "शिसं का कथील?" दोन्ही. पंचवीस भाग शिशाला एक भाग कथील. "मग सोपं हाय की," ते म्हणाले. सोपं अजिबात नव्हतं, पण ते पुढे.

इलिनॉय राज्यात बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ ठेवायलाही फॉइड नावाचं ओळखपत्र लागतं. ते राज्य पोलीस देतात. जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. सगळं ऑनलाइन. फी दहा डॉलर आणि वर किरकोळ सेवाशुल्क, मुदत दहा वर्षं. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, फोटो आणि नागरिक नसाल तर ग्रीन कार्डावरचा 'ए' ने सुरू होणारा नंबर. माझा फोटो एकदा परत आला, कारण मागे भिंतीवर गणपतीची फ्रेम दिसत होती. पांढऱ्या दारासमोर उभा राहून दुसरा काढला. बोटांचे ठसे ऐच्छिक आहेत, मी दिले नाहीत. कार्ड चोविसाव्या दिवशी पोस्टाने आलं. हे सगळं मी बायकोला सांगून केलं, आणि तिची पहिली अट कार्ड यायच्या आधीच आली होती: लोखंडी कपाट आधी, बंदूक नंतर. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. अट रास्तच होती.

रायफल मिळायला ऑक्टोबर उजाडला. १८९८ किंवा त्याआधी घडलेली बंदूक केंद्राच्या कायद्यात 'अँटीक' धरतात आणि तिचे बरेच नियम वेगळे आहेत, म्हणून काहींनी जुनीच घे असं सुचवलं. पण शंभर-सव्वाशे वर्षांची नळी आतून कशी आहे हे ओळखायची अक्कल माझ्याकडे नव्हती. आजोबांच्याच ओळखीतल्या एका गृहस्थांकडे जुन्या स्टीव्हन्स चव्वेचाळीस-अर्धा रायफलची अलीकडे बनवलेली प्रतिकृती होती. कॅलिबर बत्तीस-चाळीस. ही काडतुसाची जात १८८४ पासूनची. ३२ म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या शतांशात आणि ४० म्हणजे मूळच्या काळ्या दारूचं वजन ग्रेन या जुन्या वजनमापात. किंमत ठरली २,७०० डॉलर. घासाघीस केली नाही. करायची कशी तेच कळेना.

विकणारे इंडियानाचे, मी इलिनॉयचा. दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांना आपापसात बंदूक देता-घेता येत नाही. मधे परवानाधारक दुकानदार लागतो. रायफल माझ्या गावाजवळच्या एका दुकानात पोहोचली. दुकानदाराची फी ४० डॉलर. तिथे फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचा केंद्र सरकारचा फॉर्म, भरायचा. जन्मस्थान, नागरिकत्व, वंश, ए-नंबर आणि मग हो-नाहीच्या प्रश्नांची रांग: फरार आहात का, शिक्षा झाली आहे का, गांजा घेता का. शेवटच्या प्रश्नाखाली ठळक सूचना आहे की तुमच्या राज्यात गांजा चालत असला तरी केंद्राच्या कायद्यात चालत नाही. इलिनॉयमध्ये २०२० पासून तो उघड मिळतो, त्यामुळे इथे बरेच जण गडबडतात असं दुकानदार म्हणाला.

मी गडबडलो ते दुसरीकडेच. जुलैमध्ये आम्ही घर बदललं होतं. लायसन्सवर जुना पत्ता, फॉर्मवर नवा. दुकानदाराने फॉर्म तसाच बाजूला सरकवला. सरकारी कागदावर नवा पत्ता हवा. मी लायसन्स बदलायला अर्ज केला, फॉइडवरचा पत्ताही बदलला (तोही कळवावा लागतो, मला माहीत नव्हतं), आणि साडेतीन आठवड्यांनी परत गेलो. घर बदललंत तर सगळ्यांत आधी हे करा.

या वेळी फॉर्म पुढे गेला. राज्य पोलिसांकडून उत्तर आलं: थांबा. नकार नाही, होकारही नाही. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनच्या नोंदींशी वेगळी पडताळणी होते, त्यात वेळ जातो, असं दुकानदाराने समजावलं. शिवाय इलिनॉयमध्ये विकत घ्यायचा अर्ज केल्यापासून ७२ तास बंदूक हातात देत नाहीत. ते तास संपले तरी माझं उत्तर आलं नव्हतं. दहा वर्षं ग्रीन कार्डाची वाट पाहिलेल्या माणसाला याचं काही वाटू नये, पण वाटलं. मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत रोज दुपारी फोन उचलून बघायचो. सोमवारी दुकानदाराचा फोन आला. १३ नोव्हेंबरला रायफल घरी आली आणि लोखंडी कपाटात गेली. इलिनॉयमध्ये ती न्यायची तर रिकामी आणि बंद पेटीत. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर मी पेटीला कुलूपही लावतो.

मग सुरू झालं ओतकाम.

डिसेंबर. गॅरेज. वितळलेल्या शिशाजवळ हवा खेळती हवी म्हणून गॅरेजचं दार अर्धं उघडं आणि बाहेर उणे आठ. विजेचं भांडं, लांब दांड्याची पळी आणि लाकडी मुठींचा लोखंडी साचा. साचा मुद्दाम नाकाकडून, म्हणजे गोळीच्या पुढच्या टोकाकडून, ओतायचा घेतला होता. नेहमीच्या साच्यांत शिसं गोळीच्या बुडाकडून ओततात आणि वरचा जादा तुकडा कापताना बुडावर व्रण राहतो. नाकाकडून ओतलं की बूड सपाट पोलादी पट्टीवर घडतं, कडा धारदार येते. या खेळात सगळी मदार बुडावर असते. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श बुडाचा. एका बाजूने कड गोल असली तर मागचा वायू आधी त्या बाजूने निसटतो आणि गोळीला धक्का देतो. नाकावर ओरखडा असला तर फारसं बिघडत नाही.

पहिल्या दिवशी साठ गोळ्या ओतल्या. साठही सुरकुतलेल्या, जणू पाण्यात भिजलेली बोटं. आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. हुपरीत सकाळचे साडेसात वाजले होते. ते चहा पीत होते. "साचा गार हाय," एक नजर टाकून म्हणाले. मी म्हटलं, आण्णा, भांड्यातलं शिसं बरोबर तापलंय, थर्मामीटर लावलाय. "शिसं न्हवं रं. साचा. थंडीत वततूयास, दोन वतण्यांच्या मधी साचा गारठतूया. घाई कर." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला घाई कर म्हटलं असेल. साचा आधी विजेच्या शेगडीवर तापवला, मग न थांबता ओतत गेलो. पंधरा-वीस फुकट गेल्यावर गोळ्या गुळगुळीत यायला लागल्या. पुढे उलटंही झालं: साचा जास्त तापला की गोळ्यांवर दुधाळ, भुरकट चमक येते. ती आली की मी पाच मिनिटं थांबतो.

मळी काढण्याच्या बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. आण्णा चांदीला टाकतात तसं काहीबाही टाकायला सांगत होते. शिशाला मेणाचा एक तुकडा पुरतो. ढवळलं की कथील परत मिसळतं आणि काळी मळी वर येते. धूर मात्र खूप होतो, आणि तो पेटतोही. अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोळ्यांना चष्मा. पाणी जवळपास नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि आपण ते त्याहून बरंच तापवलेलं असतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन भांड्यातलं शिसं उसळून अंगावर येतं. बुटाला लागलेला बर्फही मी दाराबाहेर झटकूनच आत येतो.

शिशाच्या विषाचं काय, हे बायकोने विचारलं होतंच. सुरुवातीआधी रक्ततपासणी केली: डेसिलीटरला २ मायक्रोग्राम. जून २०२४ मध्ये परत केली, तर ७. मी हादरलो. डॉक्टरांनी विचारलं, ओतताना काही खाता-पिता का. मी गॅरेजमध्ये चहाचा मग ठेवत असे. शिवाय वापरलेल्या पुंगळ्या कोरड्याच ब्रशने घासत होतो. प्रायमरच्या राखेत शिसं असतं आणि ती धूळ श्वासातून जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलीचीही तपासणी करून घेतली. इथे मुलांसाठी ३.५ ही लक्ष द्यायची पातळी धरतात. तिचं त्याहून बरंच खाली निघालं, तेव्हा जिवात जीव आला. तेव्हापासून चहा बंद, हातमोजे, ओतायचे कपडे वेगळे आणि वेगळे धुतलेले, झाडू नाही तर ओलं फडकं. डिसेंबरात आकडा ३ वर आला. तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिली तपासणी आधी करून ठेवा, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल.

मार्च २०२४ मध्ये आजोबांच्या शेतावर पहिल्यांदा गोळी बसवून पाहिली. शंभर यार्ड, मागे मातीचा उंच बांध. लिव्हर दाबली, गोळी अर्ध्यात अडली. अंगाचा भार टाकला, 'टक्' झालं आणि ती आत गेली. पाच झाडल्या, पाच इंचांत विखुरल्या. आजोबा काहीच बोलले नाहीत. सहावी गोळी बसवल्यावर त्यांनी पुंगळी घालू दिली नाही. पुढून सळई घालून ती गोळी हलकेच मागे काढायला लावली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आट्यांचे ठसे एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. वाकडी बसली होती. जोर लावला की अवजार तिरकं होतं आणि त्याच्याबरोबर गोळीही.

दोष दोन निघाले. एक, माझी गोळी बुडाकडच्या पट्ट्यांवर जाड होती. नळीचा आट्यांच्या खोलीतला व्यास इंचाच्या ३२१ सहस्रांश आणि गोळी ३२४. चांगली गोळी पुढे निमुळती हवी, म्हणजे ती आपोआप मध्यात येते, आणि मागची पट्टी नळीपेक्षा जेमतेम एखाद-दोन सहस्रांश जाड. गोळ्या एका छोट्या टेपर डायमधून, म्हणजे निमुळत्या भोकाच्या पोलादी साच्यातून, दाबून घेतल्या तेव्हा हा दोष गेला. दुसरा दोष माझा. मी प्रत्येक गोळी वेगळ्या वेगाने दाबत होतो. आजोबांनी माझ्या हातावर हात ठेवून तीन गोळ्या बसवल्या. पुरणाच्या पोळीवर लाटणं फिरवताना आई जेवढा दाब देते, तेवढाच. जास्त दिला की फाटते, कमी दिला की पसरत नाही. ही उपमा त्यांना सांगायला गेलो तर आधी पुरणपोळी समजावण्यात दहा मिनिटं गेली.

वंगणाचाही घोळ झाला. गोळीच्या खाचांत मधमाशांच्या मेणाचं मऊ वंगण भरायचं असतं. मी सगळ्या गोळ्या ताटलीत उभ्या करून भोवती वितळलेलं वंगण ओततो, थिजल्यावर एकेक गोळी काढून घेतो. पहिल्या खेपेला ते बुडालाही चिकटलं होतं, ते पुसायचं राहिलं. त्या दिवशी गोळ्या कुठेही जात होत्या. आता बूड फडक्यावर एकदा फिरवल्याशिवाय गोळी ठोकळ्यात ठेवत नाही.

दारू किती घालायची ते मी इथे लिहिणार नाही. उत्पादकाच्या पुस्तकातून घ्या, दुसऱ्या कुणाच्या लेखातून घेऊ नका, माझ्याही नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवा. आणि मोजलेली दारू पुंगळीत दिसतेय ना, हे चकती लावायच्या आधी डोळ्यांनी पाहा. एकदा मी दारू न घालताच नुसती चकती लावली. प्रायमरचा 'फट्' एवढाच आवाज झाला आणि गोळी जागच्या जागी राहिली. ती सळईने काढली. ती तिथे आहे हे विसरून मागून दुसरी घातली असती तर हे लिहायला कदाचित मी नसतो.

एप्रिल ते जुलै दर दुसऱ्या शनिवारी शेतावर. विखुरणं पाच इंचांचं तीन, मग दोन, मग चांगल्या दिवशी शंभर यार्डांवर सव्वा इंच. आजोबा वारा वाचायला शिकवत होते, ते मला अजून जमलेलं नाही. ही गोळी संथ असते, सेकंदाला चौदाशे फुटांच्या आसपास. दोनशे यार्डांवर आडवा वारा तिला सहज वीतभर बाजूला नेतो. त्यासाठी टेबलापासून लक्ष्यापर्यंत कापडी झेंडे लावतात. मला तीन झेंडे तीन दिशांना दिसतात.

१ ऑगस्टला ऑफिसात मीटिंग चालू असताना आण्णांचे सहा मिस्ड कॉल. घाबरून बाहेर आलो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य मिळालं होतं. "आपल्या जिल्ह्याचा पोरगा," आण्णांचा आवाज भरला होता. मग विचारलं, तो पण स्वतः गोळ्या वततूय काय? नाही, त्यांची बावीस कॅलिबरची काडतुसं कारखान्यात बनतात, एकेका लॉटची परीक्षा करून निवडतात. "मग त्याचं कसब निराळं," आण्णा म्हणाले, "तुजं निराळं." माझं कसब म्हणण्याजोगं तेव्हा काही नव्हतं.

सप्टेंबरात उत्तर इंडियानातल्या एका छोट्या क्लबाच्या स्पर्धेत नाव दिलं. फी २० डॉलर. दोनशे यार्ड, टेबलावर टेकवून दहा गोळ्या. लक्ष्य जुन्या जर्मन पद्धतीचं: मधलं वर्तुळ दीड इंचाचं, त्याला २५ गुण, बाहेर प्रत्येक कड्याला एक गुण कमी. दहाचे जास्तीत जास्त २५०. रात्री झोप नव्हती. गाडीत निघण्यापूर्वी सामानाची यादी तीनदा वाचली, तरी फोमच्या चकत्या घरी राहिल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न विचारताच त्यांच्या डबीतल्या मूठभर दिल्या.

पहिल्या चार गोळ्या चांगल्या गेल्या. पाचवीला हात थरथरला आणि चाप ओढला गेला. या रायफलींना दोन चाप असतात, मागचा ओढून पुढचा हलका करायचा, आणि पुढच्याला नुसता श्वास लागला तरी सुटतो. सातवीला झेंडे उलटे फिरलेले मी पाहिलेच नाहीत. बेरीज झाली २२६. बावीस जणांत एकोणिसावा. पहिल्या आलेल्या गृहस्थांचे २४७ होते. पुंगळी शेवटपर्यंत एकच वापरली, हे मात्र घरी आल्यावर पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मुलीने विचारलं, "त्यात काय विशेष?"

खर्चाचं विचारणारे असतात म्हणून सांगतो. रायफल आणि दुकानदार मिळून २,७४०. जुनी दुर्बीण ४५०. गोळी बसवायचं अवजार १६०, साचा १४०, भांडं-पळी १३०, शिसं-कथिलाचा तयार मिश्रधातू साठ पौंड, २०० डॉलर. लोखंडी कपाट, वजनकाटा, दारू, प्रायमर, किरकोळ मिळून आठशेच्या घरात. साडेचार हजारांच्या आसपास गेले. गोळ्या मात्र परत वितळवता येतात, आणि साठातले पंचेचाळीस पौंड अजून शिल्लक आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये मोठा बर्फ पडला तेव्हा आजोबांनी बोलावलं. बांधासमोर माणूसभर उंच बर्फाचा ढीग ओढला होता. त्यात गोळ्या झाडायच्या. ताज्या बर्फात शिसं फारसं चेपत नाही, वितळलं की जशीच्या तशी गोळी सापडते. सहा सापडल्या. चारांच्या बुडाशी आट्यांनी ओढलेल्या शिशाची बारीक झालर सगळीकडून सारखी होती. दोघींची एका बाजूला जास्त. म्हणजे अजूनही सहातल्या दोन मी तिरक्या बसवतो.

फेब्रुवारीत हुपरीला जायचं होतं. एक गोळी आण्णांना दाखवायला न्यावी असं फार मनात होतं. नेली नाही. भारतात विमानतळावर बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांना पोलीस ठाण्यात रात्र काढावी लागते. ही नुसती शिशाची गोळी आहे, तीत दारू नाही, हे त्या वेळी कोण ऐकून घेणार? निघण्याआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकला. शेतावर नेलेली पिशवी प्रवासाला कधीच वापरू नका. मोठे छापील फोटो नेले, पुढून, मागून, चारही बाजूंनी.

आण्णांनी ते उजेडात धरले, मग कपाटातून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. बुडाकडे फार वेळ पाहिलं नाही. नाकाच्या फोटोवर थांबले, नखाने एक रेघ दाखवली. "हितं साच्याच्या दोन पाकळ्या नीट मिटत न्हाईत." मला तर काहीच दिसत नव्हतं. भिंगातून पाहिलं तेव्हा सांध्यावर केसाएवढी उभी रेघ दिसली.

शिकागोला परतल्यावर पहिल्या शनिवारी साचा उघडला. दोन्ही पाकळ्या जुळवणाऱ्या खुंटीच्या भोकात शिशाचा एक कण चपटा होऊन बसला होता. लाकडी काडीने काढला.